दफनभूमीतील तोफा : स्मारक आणि इतिहाससाधन

प्रस्तावना :
युद्धस्मारक म्हटले की पुतळा, स्तंभ किंवा शिलालेख डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील अनेक दफनभूमींत मात्र हे स्थान यादवी युद्धाच्या (१८६१-१८६५) काळातील तोफांना मिळाले आहे. या तोफा केवळ शोभेच्या वस्तू नसून इतिहासाची साधने कशा ठरतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

राष्ट्रीय दफनभूमी :
१७ जुलै १८६२ च्या कायद्याने राष्ट्रीय दफनभूमींची तरतूद झाली. १८७० पर्यंत संघराज्याच्या सुमारे तीन लाख सैनिकांचे अवशेष अशा ७३ ठिकाणी पुरण्यात आले. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांची ओळख पटलेली नव्हती. यांतील अनेक दफनभूमींत जुनी तोफ उभी रोवून तिच्यावर ज्ञात व अज्ञात मृतांची संख्या नोंदविणारा फलक बसविण्यात आला. ज्यांच्या थडग्यावर नाव नाही, त्यांची गणना अशा रीतीने तोफेवर राहिली.

गावोगावची स्मारके :
२२ मे १८९६ च्या कायद्याने मोडीत काढलेल्या तोफा व तोफगोळे स्मारक समित्या, १८६६ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक' या माजी सैनिक संघटनेच्या शाखा आणि नगरपालिका यांना देण्याची मुभा मिळाली. शासनावर खर्चाचा भार पडू नये, अशी अट होती. त्यामुळे तोफ आणण्याचा व उभारण्याचा खर्च त्या त्या गावाने सोसला. स्मृतीची जबाबदारी अशा प्रकारे स्थानिक समाजाकडे आली.

तोफेवरील नोंदी :
तोफेच्या तोंडावर सामान्यतः कारखान्याची व तपासनिसाची आद्याक्षरे, निर्मितीवर्ष, क्रमांक आणि वजन कोरलेले असते. पेनसिल्व्हेनियातील 'फिनिक्स आयर्न कंपनी'ने घडीव लोखंडापासून बनविलेल्या तीन इंची तोफा अशा खुणांवरून ओळखता येतात. उत्पादन, पुरवठा आणि तंत्रज्ञान यांचा अभ्यास करण्यास या नोंदी उपयुक्त ठरतात.

ऱ्हास व समारोप :
१९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धासाठी भंगार गोळा करताना अशा अनेक तोफा वितळविण्यात आल्या. एका युद्धाच्या गरजेपोटी दुसऱ्या युद्धाची स्मृती नष्ट झाली आणि तिच्याबरोबर अभ्यासाचे साधनही गेले. उरलेल्या तोफांवर रंगाचे थर चढविल्याने कोरीव अक्षरे बुजतात. म्हणूनच रंगरंगोटीपूर्वी प्रत्येक तोफेवरील खुणांची नोंद घेणे, हे जतनकार्याचे पहिले पाऊल ठरते.