वरच्या जबड्यातील अस्थिरोपण : दंतरोपणाआधी हाडाची भर का घालावी लागते?

नवी दिल्ली : वरची दाढ काढून काही वर्षे लोटल्यानंतर तेथे कायमस्वरूपी कृत्रिम दात बसवून घेण्यासाठी गेलेल्या रुग्णाला अनेकदा अनपेक्षित उत्तर मिळते. दात बसविता येईल, पण आधी हाड वाढवावे लागेल, असे दंतवैद्य सांगतात. त्यामुळे उपचार काही महिन्यांनी लांबतो, खर्च वाढतो आणि तोंडातील शस्त्रक्रिया नाकाशेजारच्या पोकळीपर्यंत पोहोचते. हाड कमी का होते, ते कसे भरून काढतात आणि होकार देण्यापूर्वी काय विचारावे, हे माहीत असल्यास हा निर्णय घाईने किंवा भीतीपोटी घ्यावा लागत नाही.

हाडाचा आधार का आवश्यक?

दंतरोपणात जबड्याच्या हाडात स्क्रूसारखा टायटॅनियमचा खुंट बसवून त्यावर दात चढविला जातो. स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडांचा अभ्यास करताना टायटॅनियम आणि जिवंत हाड परस्परांशी घट्ट एकजीव होतात, असे आढळले. त्या आधारे १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसविले. खुंटाला सर्व बाजूंनी पुरेसे हाड मिळाले, तरच ही एकजीवता साधते. साधारणपणे आठ ते दहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उंचीचे हाड असल्यास नेहमीच्या लांबीचा खुंट निर्धोकपणे बसविता येतो. खालच्या जबड्याचे हाड सहसा कठीण असते. वरच्या जबड्याच्या मागील भागातील हाड मात्र मुळातच मऊ आणि सच्छिद्र असते.

दोन्ही बाजूंनी झीज

दात असेपर्यंत चावण्याचा ताण त्याच्या मुळांवाटे हाडापर्यंत पोहोचतो आणि हाड टिकून राहते. दात काढल्यावर हे चलन थांबते. पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी सुमारे निम्म्याने घटू शकते आणि त्यातील मोठा वाटा पहिल्या तीन महिन्यांतच कमी होतो, असे अभ्यासांतून दिसून आले आहे.

वरच्या दाढांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. या दाढांच्या वर, गालाच्या हाडाच्या आत हवेने भरलेली एक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. इंग्रज शरीररचनातज्ज्ञ नॅथॅनिएल हायमोर यांनी १६५१ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले होते. दाढा गेल्यानंतर ही पोकळी हळूहळू खाली विस्तारते. म्हणजे खालून हिरडीच्या बाजूने आणि वरून सायनसच्या बाजूने, असे दोन्हीकडून हाड कमी होते. काही रुग्णांत शेवटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा थर उरतो. हे प्रमाण साध्या तपासणीत कळत नाही. त्यासाठी जबड्याचे त्रिमितीय चित्र देणारा सीबीसीटी स्कॅन करावा लागतो.

सायनस लिफ्ट म्हणजे काय?

सायनसच्या आतील बाजूस एक नाजूक पडदा असतो. त्याची जाडी बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. हा पडदा न फाटता वर उचलायचा आणि खाली तयार झालेल्या जागेत हाडाचे कण भरायचे, हे या शस्त्रक्रियेचे सूत्र आहे. अमेरिकेतील दंतवैद्य हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत विकसित केली. फिलिप बॉइन व रॉबर्ट जेम्स यांनी १९८० मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला.

उरलेले हाड चार-पाच मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास सहसा गालाच्या बाजूने हिरडी उघडून हाडात छोटी खिडकी केली जाते आणि तेथून पडदा उचलला जातो. हाड त्याहून जास्त असेल, तर खुंटासाठी केलेल्या छिद्रातूनच पडदा किंचित वर ढकलता येतो. ही तुलनेने सौम्य पद्धत रॉबर्ट समर्स यांनी १९९४ मध्ये मांडली. तिच्यात वाढ मात्र मर्यादित, म्हणजे बहुधा दोन ते चार मिलिमीटरची मिळते. दोन्ही शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन करता येतात.

भरलेले कण म्हणजे लगेच तयार झालेले हाड नव्हे. ते केवळ सांगाड्याचे काम करतात. त्यांच्यामधून रक्तवाहिन्या वाढतात आणि नंतर नवे हाड तयार होते. मूळ हाडात खुंट घट्ट बसत असेल, तर तो त्याच वेळी बसवितात; अन्यथा सहा ते नऊ महिने थांबावे लागते. त्यानंतर खुंट एकजीव होण्यासही काही महिने जातात. त्यामुळे संपूर्ण उपचाराला वर्षभर लागणे अस्वाभाविक नाही.

हाड येते कोठून?

रुग्णांना बहुधा याच प्रश्नाची माहिती सर्वांत कमी असते. भरावासाठी चार प्रकारचे पदार्थ वापरले जातात. पहिला प्रकार रुग्णाच्याच हाडाचा. ते हनुवटीतून, खालच्या जबड्याच्या मागील भागातून किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत कमरेच्या हाडातून घेतात. त्यात जिवंत पेशी असतात. पण शरीरावर दुसरी जखम होते आणि हे हाड तुलनेने लवकर झिजते.

दुसरा प्रकार म्हणजे मानवी दात्याचे प्रक्रिया केलेले हाड. मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतिपेढी कार्यरत असून तेथे अशा ऊतींवर प्रक्रिया करून त्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केल्या जातात. २०११ मधील दुरुस्तीनंतर अवयवांबरोबरच ऊतीही मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या कक्षेत आल्या आहेत. तिसरा प्रकार प्राण्यांच्या, मुख्यतः गोवंशाच्या हाडाचा. त्यातील सेंद्रिय घटक काढून केवळ खनिज भाग ठेवला जातो. तो वर्षानुवर्षे टिकत असल्याने जगभर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. चौथा प्रकार हायड्रॉक्सिअपॅटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांसारख्या कृत्रिम पदार्थांचा. भरावावर पसरली जाणारी कोलॅजेनची पातळ चकतीही अनेकदा गोवंश किंवा डुक्कर यांच्यापासून बनविलेली असते.

अनेक रुग्णांच्या दृष्टीने हा श्रद्धेचा आणि आहाराच्या नियमांचा प्रश्न असतो. शस्त्रक्रियेनंतर ही बाब कळली, तर उपाय उरत नाही. सायनसमधील भरावासाठी कृत्रिम पदार्थ वापरूनही खुंट यशस्वी होऊ शकतात. त्यामुळे पदार्थाचे नाव व मूळ आधी विचारणे आणि ते संमतीपत्रात लिहून घेणे हा रुग्णाचा रास्त आग्रह ठरतो.

जोखीम कोणाला अधिक?

शस्त्रक्रियेत सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे पडदा फाटणे. छोटे छिद्र त्याच वेळी झाकता येते. मोठे असल्यास शस्त्रक्रिया थांबवून काही महिन्यांनी पुन्हा करावी लागते. भरावात जंतुसंसर्ग होणे किंवा सायनसचा दाह होणे हे अन्य धोके आहेत.

धूम्रपानामुळे जखमेचा रक्तपुरवठा घटतो आणि खुंट निकामी होण्याची शक्यता वाढते. तंबाखू, गुटखा व मिश्री यांमुळे हिरड्यांचे आरोग्य आधीच बिघडलेले असते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करतात. अनियंत्रित मधुमेह हाही मोठा अडथळा आहे. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कर्करोगात दिली जाणारी अॅलेन्ड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी ती माहिती लपवू नये. त्यांच्या जबड्याचे हाड शस्त्रक्रियेनंतर मृत होण्याचा धोका संभवतो. जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनाही हीच सावधगिरी आवश्यक असते.

शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये

सायनसमधील हवेचा दाब अचानक वाढू न देणे हे मुख्य पथ्य आहे. म्हणून सुमारे दोन आठवडे नाक शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे आणि स्ट्रॉने पेय ओढू नये. याच कारणाने कपालभाती, भस्त्रिका, जलनेती व शंखवादन डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत टाळणे इष्ट. किंचित सूज आणि पहिल्या एक-दोन दिवसांत नाकातून थोडे रक्त येणे अपेक्षित असते. मात्र पाणी पिताना ते नाकातून येणे, एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव होणे किंवा हाडाचे कण बाहेर पडणे ही तातडीने तपासणी करून घेण्याची लक्षणे आहेत.

पर्याय कोणते?

हाड कमी असलेल्या प्रत्येक रुग्णाला अस्थिरोपण लागतेच असे नाही. सुमारे सहा मिलिमीटर हाड असल्यास आखूड खुंट बसविता येतात आणि योग्य रुग्णांत त्यांचे निष्कर्ष समाधानकारक आढळले आहेत. सायनस टाळून तिरपे खुंट बसविणे, शेजारच्या दातांच्या आधाराने ब्रिज करणे किंवा काढता-घालता येणारी कवळी वापरणे हेही मार्ग आहेत. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसमुळे ज्यांच्या वरच्या जबड्याचा मोठा भाग काढावा लागला, अशा रुग्णांना मात्र कणांचा भराव पुरत नाही. त्यांच्यापैकी काहींना गालाच्या हाडात रोवलेल्या लांब खुंटांचा आधार दिला जातो.

बहुतांश आरोग्य विमा योजनांत अपघात वगळता दंतोपचारांचा समावेश नसल्याने खर्च सहसा रुग्णालाच सोसावा लागतो. त्यामुळे होकारापूर्वी पाच गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात : स्कॅननुसार नेमके किती मिलिमीटर हाड शिल्लक आहे, आखूड खुंट का चालणार नाही, भरावाचा पदार्थ कोणता, दात बसेपर्यंत एकूण कालावधी व खर्च किती आणि भराव अयशस्वी ठरल्यास पुढे काय.

ज्यांची दाढ अजून काढायची आहे, त्यांनी कृत्रिम दाताचा विषय त्याच वेळी काढावा. दात काढल्यावर खळगीत लगेच भराव केल्यास झीज पूर्णपणे थांबत नाही, पण कमी होते. पुढील मोठी शस्त्रक्रिया टाळण्याची संधी त्याच दिवशी सर्वाधिक असते.