लग्नाचा सूट शिवायचाय? टेलरकडे किती आधी जायला हवं?

हॉल ठरतो, पत्रिका छापून होतात, केटररला अ‍ॅडव्हान्स जातो. नवरदेवाच्या सुटाचा विषय मात्र अनेक घरांत लग्नाला महिना उरल्यावर निघतो. तोवर चांगल्या टेलरनी नव्या ऑर्डर घेणं थांबवलेलं असतं. मग मिळेल तो तयार सूट घ्यावा लागतो किंवा घाईत शिवलेला, खांद्यात न बसणारा कोट घालून रिसेप्शनला उभं राहावं लागतं.

हे टाळायचं असेल, तर सूट शिवायला इतका वेळ का लागतो ते आधी समजून घेऊया.

तुळशीच्या लग्नानंतर गर्दी का होते?

चातुर्मासात सहसा लग्नाचे मुहूर्त काढत नाहीत. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून तुळशीची लग्नं लागतात आणि त्यानंतर लग्नसराई सुरू होते. पुढे पौषात बरीच घरं लग्न टाळतात. त्यामुळे हिवाळ्यातले मुहूर्त थोड्या दिवसांत एकवटतात.

टेलरसाठी खरी अडचण त्याच्या आधीच्या पंधरवड्यात असते. दिवाळीच्या कपड्यांचं काम नुकतंच संपलेलं असतं. मुंबई-पुण्यातले अनेक कारागीर उत्तर प्रदेश आणि बिहारमधले आहेत. ते दिवाळी आणि छठपूजेसाठी गावी जातात. छठपूजा कार्तिक शुद्ध षष्ठीला असते, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी. ऑर्डरचा ढीग असतो तेव्हाच दुकानात हात कमी असतात.

उन्हाळ्यातही असं घडू शकतं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. अधिक महिन्यात लग्नं होत नसल्याने मुहूर्त त्याच्या आगेमागे सरकतात.

सुटाला शर्टापेक्षा जास्त वेळ का लागतो?

मापं घेतल्यावर कटिंग मास्टर कापड बेततो. मग कच्ची शिलाई मारून पहिली ट्रायल होते. खांदा, छाती, पाठ आणि बाहीची लांबी तेव्हाच पाहतात, कारण कोट पूर्ण झाल्यावर खांदा दुरुस्त करणं फार अवघड असतं. त्यानंतर अस्तर, खिसे, काज-बटण, दुसरी ट्रायल आणि शेवटी इस्त्री.

कोटाच्या आत काय आहे, यावरही वेळ ठरतो. फ्यूजिंगमध्ये आतला थर उष्णतेने कापडाला चिकटवतात. हे काम लवकर आणि स्वस्तात होतं, पण फ्यूजिंग हलकं असेल तर पुढे कापडावर फुगे येतात. कॅनव्हास टाके घालून बसवतात. त्याला वेळ आणि पैसे जास्त लागतात, पण कोट अंगावर छान बसतो. ऑर्डर देताना यातलं काय वापरणार, ते विचारून घ्या.

मग वेळापत्रक कसं आखायचं?

लग्नाच्या तारखेपासून उलटे मोजा:

- 12 आठवडे आधी: सूट कशासाठी हवा ते ठरवा. मुहूर्ताला सोवळं किंवा धोतर असेल, तर सूट रिसेप्शनला लागेल. साखरपुड्यालाही तोच घालायचा असेल, तर ती तारीख धरून मोजा. टू-पीस सुटाला 58 इंच पन्ह्याचं साधारण 3 ते सव्वातीन मीटर कापड लागतं. वेस्टकोट हवा असेल किंवा अंगाने भारी असाल, तर टेलरला विचारून मगच कापड घ्या.
- 8 ते 10 आठवडे आधी: मापं द्या.
- 4 ते 5 आठवडे आधी: पहिली ट्रायल. सुटाखाली घालणार तोच शर्ट आणि तेच बूट घालून जा. बुटाच्या टाचेवर पँटची उंची ठरते.
- 2 आठवडे आधी: दुसरी ट्रायल.
- 1 आठवडा आधी: सूट घरात हवा.

लग्नाआधी वजन कमी करायचं ठरवलं असेल, तर टेलरला सांगा आणि शिवणीत जास्त माया ठेवायला सांगा. सूट आत घेणं तुलनेने सोपं असतं. सैल करायला मात्र आत कापड शिल्लक असावं लागतं.

परगावी किंवा परदेशात नोकरी असेल, तर आधीच्या सुट्टीतच, उदाहरणार्थ गणपतीला घरी आल्यावर, मापं द्या आणि ट्रायलसाठी लग्नाच्या किमान 3 आठवडे आधी पोहोचा. फोनवर पाठवलेल्या मापांवर विसंबून राहू नका.

टेलरने वेळेत सूट दिलाच नाही तर?

शिवणकाम ही सेवा आहे. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 तिलाही लागू होतो. 2025 मध्ये अहमदाबादच्या ग्राहक आयोगाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. नातेवाइकाच्या लग्नासाठी शिवायला दिलेलं ब्लाऊज वेळेत न मिळाल्याने, भरलेली रक्कम व्याजासह आणि वर 7,000 रुपये भरपाई ग्राहक महिलेला देण्याचा आदेश आयोगाने दिला.

पण त्यासाठी पुरावा लागतो. बिलावर डिलिव्हरीची तारीख, ट्रायलच्या तारखा, कापडाचे मीटर आणि दिलेला अ‍ॅडव्हान्स लिहून घ्या. तारीख ठरल्याचे मेसेज पुसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा आयोगाकडे 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

भरपाई अर्थात लग्न झाल्यावरच मिळते. म्हणून हॉल बुक झाला की त्याच आठवड्यात टेलरला फोन करून पहिल्या ट्रायलची तारीख मागून घ्या.