बुटाचा तळ आणि धावकाचे बळ
आमच्याच मराठवाड्यातील, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत धावून रौप्यपदक मिळविले, तेव्हा सुवर्ण अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. इतक्या अल्प अंतरावर निकाल ठरत असता, कार्बनपट्टी व लवचिक फोम यांमुळे वेग वाढविणाऱ्या पादत्राणांचा प्रश्न गौण कसा मानावा? जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरील बुटाच्या तळाच्या जाडीस २० मिलिमीटरची मर्यादा घातली, तर रस्त्यावरील शर्यतींत ४० मिलिमीटरची मर्यादा आधीपासूनच होती, हे रास्तच. किमतीस मात्र अशी कोणतीच मर्यादा नाही. म्हणूनच आमच्याकडील देवगाव फाट्यावर भरतीसाठी धावणाऱ्या मुलांनो, असल्या बुटांपायी कर्ज काढू नका.