एचआयव्ही आणि एड्स : फरक समजून घ्या, वेळेत तपासणी करा



एचआयव्ही झाला म्हणजे एड्स झाला, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. एचआयव्ही हा विषाणू आहे. त्यावर औषध घेतलं नाही तर पुढे जी शेवटची अवस्था येते, ती एड्स.

आपल्या रक्तात सीडी-४ नावाच्या पेशी असतात. तलावावरच्या राखणदारासारखं त्यांचं काम. रोग शिरला की त्या बाकीच्या पेशींना हाक मारतात. एचआयव्ही नेमका या राखणदारातच शिरतो, आत स्वतःच्या नकला काढतो आणि ती पेशी मरते. शरीर नव्या पेशी तयार करतं. पण रोज जाळं फाटतंय आणि रोज शिवतोय, असं किती दिवस चालणार? माणूस आठ-दहा वर्षं धडधाकट दिसतो, आणि आतून जाळं विरत जातं.

निरोगी माणसात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की एड्स म्हणतात. मग टीबी, न्यूमोनिया असे आजार धरतात. आपल्याकडे टीबीच जास्त.

एका होडीत बसून, एका डब्यात जेवून, एका पाण्यात उतरून किंवा डास चावून एचआयव्ही लागत नाही. मासळीतूनही नाही. म्हणून कुणाला होडीवरून उतरवू नका. कामावरून काढणं तर २०१७ च्या कायद्याने गुन्ह्यासारखंच, त्याला मनाई आहे. निरोधाशिवाय संबंध, दूषित रक्त व सुई, आणि आईकडून बाळाला, एवढेच मार्ग.

एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात २००४ पासून मोफत आहेत. विषाणू पूर्ण जात नाही, पण दबतो, आणि पेशी पुन्हा वाढतात. तपासणीत विषाणू सापडेनासा झाला की संबंधातून जोडीदारालाही लागत नाही. गरोदर बाईने गोळ्या घेतल्या तर बाळ बहुतेक वाचतं.

मात्र गोळी चुकवायची नाही, नाहीतर विषाणू औषधाला दाद देत नाही. रात्री जाळं टाकायला जाताना गोळी पाणी न शिरणाऱ्या डबीत सोबत ठेवा.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, नाव गुप्त राहतं. शंका असेल तर १०९७ वर फोन लावा, तोही मोफत.

होडीला भोक दिसलं की आपण त्याच दिवशी बुजवतो. शरीराचंही तसंच करा.