गोष्ट आणि बातमी शेजारी शेजारी ठेवली तर

आज आपण जुनी मासिकं कशी वाचायची, ते बघू. जुनं मासिक एकटं वाचलं की नुसती करमणूक होते. पण त्याच्या शेजारी त्याच काळाचं वर्तमानपत्र ठेवलं, तर त्या वेळी लोकांना काय माहीत होतं आणि त्यांच्यापासून काय लपवलेलं होतं, तेही कळतं. याचं एक खरं उदाहरण सांगतो. ते आहे अमेरिकेतलं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं.

तेव्हा तिकडे विज्ञानकथांची मासिकं निघायची. कागद स्वस्त, मुखपृष्ठ भडक, आत परग्रहांच्या आणि अजब यंत्रांच्या गोष्टी. त्यातल्या एका मासिकाचं नाव होतं ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’. संपादक होते जॉन कँपबेल. या मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिल या लेखकाची ‘डेडलाइन’ नावाची गोष्ट आली. गोष्ट दुसऱ्या एका ग्रहावरची. माणसांना शेपट्या. दोन पक्षांत लढाई चाललेली, आणि एका पक्षानं एकच भयंकर बॉम्ब बनवलेला. तो बॉम्ब युरेनियम २३५ नावाच्या धातूचा होता, आणि हा धातू कसा वेगळा काढायचा याचीही गोष्टीत चर्चा होती.

अंक बाहेर पडला आणि सरकारचे तपास अधिकारी कँपबेल यांच्या कार्यालयात येऊन धडकले. कार्टमिल यांचीही चौकशी झाली. का? कारण अमेरिका तेव्हा गुपचूप अगदी तसाच बॉम्ब बनवत होती. अधिकाऱ्यांना वाटलं, गुपित फुटलं.

आता त्या वेळची वर्तमानपत्रं काढून बघू. मार्च १९४४ च्या पानांवर इटलीतली लढाई आहे, रशियातली आहे. जपानी फौजा आपल्या इंफाळवर चालून आल्या, तोही हाच महिना. पण अणूबद्दल, युरेनियमबद्दल जवळपास काहीच नाही. फक्त गोष्टीच वाचणारी बाई म्हणेल, “बाई गं, या लेखकाला भविष्य दिसत होतं की काय!”

पण आणखी चार-पाच वर्षं मागची पानं उलटली, की उलगडा होतो. १९३८ च्या अखेरीस जर्मनीत ऑटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांनी युरेनियमचा अणू फोडला. नेमकं काय घडलं, याचा अर्थ लावला लीझ माइटनर या बाईंनी आणि त्यांचा भाचा ओटो फ्रिश यानं. माइटनर ज्यू होत्या, म्हणून हिटलरच्या राज्यातून त्यांना पळून जावं लागलं होतं. ही बातमी १९३९ मध्ये जगभर उघड छापून आली. मे १९४० मध्ये तर अमेरिकेच्या ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं युरेनियम २३५ ची बातमी पहिल्या पानावर दिली. मग युद्ध वाढलं, शास्त्रज्ञ गप्प झाले. जून १९४३ मध्ये सरकारच्या सेन्सॉर खात्यानं वर्तमानपत्रांना आणि रेडिओला कळवलं, की अणू आणि युरेनियम या विषयावर काही बोलू नका.

म्हणजे कार्टमिल यांना भविष्य दिसलं नव्हतं. चार वर्षांपूर्वीची उघड बातमी सगळ्यांच्या तोंडून गेली होती, ती गोष्टीत तेवढी शिल्लक होती. कँपबेल यांनीही अधिकाऱ्यांना हेच सांगितलं, की हे सगळं आधीच छापून आलेलं आहे. शेवटी कोणावर खटला झाला नाही.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवू. काल एखादा विषय सगळीकडे होता आणि आज तो अचानक कुठेच नाही, तर ती शांतताही एक बातमीच असते.

आता तिसरी जागा बघू. ती मासिकातही नव्हती आणि वर्तमानपत्रातही नव्हती. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात ओक रिज नावाचं एक गावच सरकारनं गुपचूप वसवलं होतं. तिथं युरेनियम निवडण्याचं काम चाले. खाणीतून येणारं युरेनियम हे जड आणि किंचित हलक्या कणांची मिसळ असतं. हजार कणांत हलके, म्हणजे कामाचे, फक्त सातच. आपण धान्य उफणतो तेव्हा जड दाणा जवळ पडतो आणि हलकं भूस लांब जातं. तिथं वाऱ्याच्या जागी मोठाले लोहचुंबक होते. कण वेगानं सोडले, की चुंबकामुळे त्यांची वाट वळायची. हलका कण जास्त वळायचा, जड कमी. मग दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी गोळा करायचं.

ही यंत्रं चालवायला बसवल्या होत्या आसपासच्या गावांतल्या तरुण मुली. बऱ्याच जणी नुकत्याच शाळा संपवून आलेल्या. रात्रंदिवस पाळ्या चालायच्या. उंच स्टुलावर बसायचं, समोरच्या काट्यावर नजर ठेवायची आणि काटा सरकला की बटण फिरवून तो जागेवर आणायचा. आपण काय बनवतोय ते त्यांना सांगितलेलं नव्हतं, आणि विचारायचीही बंदी होती. एकदा या मुलींच्या आणि मोठ्या पदव्या घेतलेल्या शास्त्रज्ञांच्या कामाची तुलना झाली. जास्त उत्पादन मुलींचं निघालं. शास्त्रज्ञ प्रत्येक हलत्या काट्याचं कारण शोधत बसायचे. मुली काटा जागेवर आणून पुढं जायच्या.

६ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या हिरोशिमा शहरावर बॉम्ब पडला. त्यातलं युरेनियम ओक रिजचं होतं. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत तिथली सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. आपल्या हातून काय घडलं, ते त्या मुलींना त्याच दिवशी कळलं, रेडिओवरून आणि वर्तमानपत्रांतून, इतर सगळ्यांसारखंच. कार्टमिल यांच्या गोष्टीत एका शूर हेराच्या हातानं संकट टळलं होतं. खऱ्या जगात ते टळलं नाही, आणि ज्यांच्या हातांनी काम झालं त्यांना साधी माहितीही नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेची ही गोष्ट आमच्या गटाला कशाला? कारण वाचायची ही रीत आपल्यालाही जमण्यासारखी आहे. गावच्या किंवा तालुक्याच्या वाचनालयात १९७२-७३ चा एखादा दिवाळी अंक मिळतो का बघा. त्याच काळातलं वर्तमानपत्रही मागा. मग गटाच्या बैठकीत दोन्ही वाचून तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : हे लिहिलं कधी? अंकावरचा महिना आणि लिहिण्याचा महिना एक नसतो. ‘डेडलाइन’चा विचार संपादक आणि लेखक यांच्यात ऑगस्ट १९४३ पासूनच चालला होता.

दुसरा प्रश्न : एकात आहे पण दुसऱ्यात नाही, असं काय? आणि ते का नसावं?

तिसरा प्रश्न : दोन्हींत नाही असं कोण? हा प्रश्न गटातल्या वयस्कर बायकांना विचारा. ७२ च्या दुष्काळात कामावर खडी कोणी फोडली, तान्ही लेकरं कुठं झोपवली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस कसे काढले, हे त्यांना तोंडपाठ असतं. कदाचित ते कुठल्याच अंकात सापडणार नाही.

त्या सांगतील ते एका वहीत लिहून घ्या. वर तारीख घाला, गावाचं नाव घाला. सांगणारीची परवानगी असेल तर तिचंही नाव घाला. ओक रिजच्या मुलींच्या आठवणी कितीतरी वर्षांनी लोकांनी विचारल्या, तेव्हा कुठं कागदावर आल्या. तोवर बऱ्याच जणी गेल्या होत्या. आपल्याकडच्या आज्या, मावश्या अजून आहेत. पुढच्या बैठकीपासूनच विचारायला लागा.