गहाणखत डब्लिनहून पाठवताना

अलिबागेकडचे घर गहाण टाकून भाच्याला कर्ज काढायचे असते आणि मालक असतात इथे डब्लिनला, आपल्यापैकीच कुणी. गहाणखत सहीसाठी टपालाने येते. कॅलिफोर्नियात घरकर्जाच्या कागदाला नोटरी पुरतो. तिकडे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे गहाणखतावर दोन साक्षीदारांच्याही सह्या हव्यात.

असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे. नोंदणीची मुदत सहीपासून चार महिने. ती टळली तरी, सही परदेशातली असल्याने, दस्त भारतात आल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधक तो स्वीकारू शकतात. म्हणून पोहोचल्याची तारीख असलेले पाकीट भाच्याने फेकू नये. आम्ही तर ते दस्ताबरोबरच ठेवायला सांगतो. नोंदणीला स्वतः जाणे होणार नसेल, तर त्यासाठीचे कुलमुखत्यारपत्र मात्र नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करून पाठवावे.