मत मागण्याआधीचा सीव्ही

आमच्या ऑफिसात साधा ज्युनियर घ्यायचा असला, तरी एचआरवाले त्याचा सीव्ही उलटसुलट करून बघतात. आधी कुठे होतास, काय केलंस, मधलं वर्ष रिकामं का? आणि पाच वर्षांसाठी आमदार निवडताना? मागच्या निवडणुकीत मी बूथवर पोचले तेव्हा मशीनवरची निम्मी नावं पहिल्यांदाच वाचत होते. त्यातला एक चेहरा होर्डिंगवर रोज दिसायचा. दाबलं त्याचंच बटण! (हसू नका. तुमच्यातल्या किती जणांनी हेच केलंय, ते मला माहितीये.)

ही टोचणी मनात होतीच. पुढे एका कामासाठी सोलापूरला जाणं झालं, तेव्हा तिथली मैत्रीण म्हणाली, ''वळसंगची विहीर बघून ये.'' विहीर? बघायला? पण गेले.

वळसंग हे दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, अक्कलकोटच्या वाटेवरचं गाव. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या इथे थांबायच्या भानगडीत पडत नाहीत. बाजारात मराठी आणि कानडी सारखंच कानावर पडतं. इथल्या दलित वस्तीला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायची बंदी होती, म्हणून लोकांनी स्वतःची विहीर खोदली. तिचं उद्घाटन करायला २४ एप्रिल १९३७ रोजी आले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय असतो, हे इथे राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.

विहिरीपाशी उभी असताना मी ही तारीख मोबाइलमध्ये टिपून घेतली आणि थबकलेच. कारण १७ फेब्रुवारी १९३७ ला मुंबई प्रांताच्या विधानसभेचं मतदान झालं होतं. म्हणजे हा माणूस नुकताच निवडून आलेला होता. मतं मोजून झाली, गुलाल पडला, आणि दोन महिन्यांनी साहेब एका खेड्यातल्या विहिरीवर! आपल्याकडे विहिरीची उद्घाटनं मतदानाच्या आधी होतात. असो.

आपण बाबासाहेबांना घटनेमुळे ओळखतो. पण १९३७ मध्ये घटना व्हायची होती. तेव्हा ते होते परळ-भायखळ्यातून उभे राहिलेले एक बॅरिस्टर आणि पक्ष होता जेमतेम सहा महिन्यांचा, ऑगस्ट १९३६ मध्ये काढलेला स्वतंत्र मजूर पक्ष. त्यांच्यासमोर काँग्रेसने उभं केलं चक्क एका सेलिब्रिटीला. बाळू पालवणकर! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त विकेट काढणारा डावखुरा स्पिनर, स्वतःही दलित समाजातला आणि एकेकाळी खुद्द बाबासाहेबांनाही ज्याचं कौतुक होतं असा. बाळूंना ११,२२५ मतं पडली, बाबासाहेबांना १३,२४५. म्हणजे फरक फक्त दोन हजारांचा. आज आपल्याला वाटतं की ते निवडून येणारच होते. तसं काही नव्हतं.

मग त्यांच्याकडे दाखवायला होतं काय? सोलापूरपासूनच सुरुवात करू. वकिलीची सनद १९२३ ची. पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि ४ जानेवारी १९२५ ला या सभेनं सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं. राहणं, जेवण, कपडे, वह्या, सगळं. नगरपालिका महिन्याला ४० रुपये द्यायची. निवडणूक तेव्हा बारा वर्षं लांब होती. स्वतंत्र मजूर पक्षाच्या तिकिटावर १९३७ ला सोलापूर उत्तर-पूर्वमधून जिवाप्पा ऐदाळे निवडून आले, ते काही हवेतून नाही. पक्षाने १७ उमेदवार दिले होते, त्यातले १४ आले.

विधिमंडळात ते १९२७ पासून होतेच, पण सरकारनियुक्त. म्हणजे मतदारांना खूश ठेवायचं बंधन नाही. नुसतं बसून राहिले असते तरी चाललं असतं! पण कारखान्यातल्या बायकांना बाळंतपणाच्या काळात पैसे मिळावेत, या बिलाच्या बाजूने १९२८ मध्ये ते सभागृहात बोलले. त्याच वर्षी महार वतनाच्या जाचाविरुद्ध स्वतः बिल आणलं. ते मंजूर झालं नाही.

हो, या सीव्हीत हरलेल्या गोष्टीही भरपूर आहेत. र. धों. कर्व्यांवर 'समाजस्वास्थ्य'मध्ये लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरं दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये हायकोर्टात त्यांची बाजू कोणी मांडली? बाबासाहेबांनीच. हरले. पण विषय सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत आणला. बाजूने ११ मतं, विरोधात ५२. मला हा आकडा कुठल्याही विजयापेक्षा जास्त आवडतो. या विषयावर कुणाची मतं मिळणार होती? उलट जायचीच शक्यता.

आणि महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं, ते आपण शाळेत शिकलो. पुढचा भाग धड्यात आला असेल तर मला तरी आठवत नाही. सनातन्यांनी डिसेंबरमध्ये दावा लावला, मनाई हुकूम मिळवला, आणि हजारो माणसं सत्याग्रहाला जमलेली असताना बाबासाहेबांनी कोर्टाचा मान राखायचा म्हणून सत्याग्रह थांबवला. विचार करा, समोर एवढा जमाव आहे, सगळे तापलेत, आणि पुढारी सांगतोय, थांबा, आधी निकाल लागू दे. तो निकाल लागायला नऊ वर्षांवर गेली. हायकोर्टाने चवदार तळं अस्पृश्यांना खुलं असल्याचा निर्णय दिला १७ मार्च १९३७ ला. मतदानानंतर बरोबर एका महिन्याने.

तिथून वळसंगचा २४ एप्रिल अवघ्या ३८ दिवसांवर.

गंमत बघा, कागदावर तर १९२३ पासूनच सरकारी खर्चाच्या विहिरी, तळी सगळ्यांना खुली होती. सी. के. बोले यांचा ठराव काउन्सिलमध्ये पास झाला होता. चौदा वर्षांनीही वळसंगच्या लोकांना कुदळ-फावडं घ्यावं लागलं. कायदा जिंकलेला वकील इथे आला तेव्हा त्याला हे दिसलं नसेल का? आणि तेव्हा मत द्यायलाही मालमत्ता, कर किंवा शिक्षणाची अट असायची. गावकुसाबाहेरच्या बहुतेकांकडे ते कुठून असणार! म्हणजे ज्यांच्या पाण्यासाठी तो एवढ्या उन्हात आला, त्यातले बरेचसे त्याचे मतदारही नव्हते.

(मतदारांनी दर वेळी हा सीव्ही वाचला, असंही नाही. घटना लिहून झाल्यावर, १९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत मुंबईने त्यांना पाडलं. नारायण काजरोळकर जिंकले.)

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर आमच्या आमदारांचं प्रतिज्ञापत्र उघडलं. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला ते द्यावंच लागतं. जमीन, सोनं, गाड्या, कर्ज, गुन्हे, शिक्षण, सगळं व्यवस्थित रकान्यांत. आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर येतो. निवडून यायच्या आधी यांनी पाण्यासाठी काय केलं होतं, त्याचा रकाना काही सापडला नाही. सोलापूर येईपर्यंत जुन्या बातम्या शोधत बसले. दोन फ्लेक्सचे फोटो मिळालेत. शोध चालू आहे.